नव्याचे नऊ दिवस आणि पुढचे तीन महिने : रेस्क्यू कुत्रा घरी आणताना

निवाऱ्यातून आणलेला कुत्रा पहिले काही दिवस फार गुणी वाटतो. भुंकत नाही, काही फाडत नाही, दाखवाल त्या कोपऱ्यात बसून राहतो. घरातले खूश होतात. दोन-तीन आठवड्यांनी तोच कुत्रा सोफ्यावरून गुरगुरतो, दारातल्या माणसावर धावून जातो, एकटा ठेवला की घर डोक्यावर घेतो. मग मालक म्हणतात, "अचानक बिघडला." बिघडला वगैरे काही नाही. आधी तो गुणी नव्हता, दबलेला होता. आता जरा सैलावलाय आणि त्याचा खरा स्वभाव दिसू लागलाय. माणसांसाठी नव्याचे नऊ दिवस कौतुकाचे असतात, कुत्र्यासाठी ते जीव मुठीत धरून बसण्याचे असतात.

रेस्क्यूच्या कामातली माणसं तीन-तीन-तीन असा एक ठोकताळा सांगतात. भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. हा नुसता ठोकताळा आहे. मारझोड सोसलेल्या किंवा माणसांत कधीच न राहिलेल्या कुत्र्याला वर्षही लागतं. पण वेळेचा अंदाज म्हणून तो उपयोगी आहे, कारण या कामात जे बिघडतं ते बहुतेक वेळा घाईमुळे बिघडतं.

निवड करताना

आधी स्वतःच्या दिवसाचा हिशोब मांडा. कुत्रा रोज सलग किती तास एकटा राहणार? प्रौढ कुत्र्याला सवय लावून चार-पाच तास एकटं ठेवता येतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला ते जमत नाही, कारण त्याला तेवढा वेळ लघवीही धरता येत नाही. "पिल्लू आणलं की हवं तसं घडवता येतं" हा समज अर्धवट आहे. पिल्लू मोठेपणी आकाराने केवढं होईल, स्वभावाने कसं निघेल, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचं बरंचसं समोर दिसत असतं. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांना आमचा सल्ला प्रौढ कुत्र्याचाच असतो.

निवाऱ्यात कोपऱ्यात तोंड लपवून बसलेला कुत्रा पाहून पोटात कालवतं आणि तोच उचलावासा वाटतो. जरूर उचला, पण ते काम किती महिन्यांचं आहे ते आधी समजून घ्या. इतका बुजरा कुत्रा प्रेमाच्या जोरावर आठवड्यात बदलत नाही.

एकदा बघून ठरवू नका. किमान दोनदा, वेगवेगळ्या वेळी भेटा आणि एकदा तरी पिंजऱ्याबाहेर त्याच्याबरोबर चाला. बंद जागेत जाळीवर उड्या मारणारा कुत्रा बाहेर शांत निघतो, याच्या उलटही होतं. जात विचारण्यात फार वेळ घालवू नका. मिश्र कुत्र्याची जात नुसत्या दिसण्यावरून ओळखण्यात जाणकारही नेहमी चुकतात. त्यापेक्षा रोज खायला घालणाऱ्या आणि फिरवणाऱ्या माणसाला गाठा आणि विचारा: खाताना कुणी जवळ गेलं तर काय करतो? अंगाला कुठे हात लावलेला आवडत नाही? अनोळखी पुरुष, लहान मुलं, दुसरे कुत्रे, मांजरं यांच्याशी कसा वागतो? कधी चावला आहे का, आणि त्यावेळी नेमकं काय घडलं होतं? प्रत्येक उत्तरावर एक उपप्रश्न ठेवा: हे तुम्ही पाहिलंय की अंदाज आहे? "मुलांशी चांगला आहे" याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो, की निवाऱ्यात मूल कधी आलंच नाही.

वय दातांवरून सांगतात. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर अंदाज बराच बरोबर येतो. पुढे दातांची झीज आणि कीटण खाण्यावर व चावण्याच्या सवयीवर ठरतं, त्यामुळे "चार वर्षांचा" म्हणजे तीन ते सहा कितीही समजा.

घर आणि सामान

कुत्रा यायच्या आधी एक जागा त्याची म्हणून ठरवा. वर्दळ नसलेला कोपरा, एखादी छोटी खोली किंवा क्रेट, म्हणजे कुत्र्याचा दार असलेला पिंजरा. क्रेट एवढा हवा की त्याला मान न वाकवता उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय पसरून झोपता यावं. दार उघडं ठेवा. रागावून कोंडायची जागा म्हणून तो एकदा जरी वापरला, तरी त्याचा उपयोग संपला.

बाकी यादी छोटी आहे: जड बुडाची दोन भांडी, धुता येणारं अंथरूण, चावायच्या दोन-तीन वस्तू, एन्झाइम असलेलं डाग साफ करायचं द्रावण, दीड ते दोन मीटरची साधी दोरी, पाच ते दहा मीटरची लांब दोरी, गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा). गुंडाळली जाणारी दोरी घेऊ नका. ती हातातून निसटली की तिची मूठ खडखडत कुत्र्याच्या मागे येते, तो आणखी घाबरून आणखी जोरात पळतो. महागडी गादी आणि खेळण्यांची टोपली पहिल्याच दिवशी आणणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. गादीचा कापूस निघतो, खेळण्यांकडे घाबरलेला कुत्रा ढुंकूनही बघत नाही.

गुडघ्यावर बसून घराकडे एकदा कुत्र्याच्या उंचीवरून पाहा. लोंबत्या वायरी, उघडी कचरापेटी, औषधांचा डबा, फटीतून निसटता येईल असं फाटक, गॅलरीच्या गजांमधलं अंतर.

आणायचा दिवस

सलग दोन-तीन दिवस घरी राहता येईल असा दिवस निवडा. गाडीत कुत्रा बांधलेला किंवा क्रेटमध्ये हवा, मोकळा नको. गाडीचं दार उघडण्यापूर्वी दोरी हातात घट्ट धरलेली असावी. नव्या कुत्र्यांची पळापळ सगळ्यात जास्त गाडीतून उतरताना आणि घराच्या दारातून होते.

घरात शिरण्याआधी त्याला बाहेर शी-शू करू द्या. मग दोरी लावलेल्या स्थितीत घर हळूहळू हुंगू द्या, एकेक खोली, घाई न करता. घरातल्यांनी बसून राहायचं. वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही, डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, पुढ्यात जाऊन बोलवायचं नाही. तो जवळ आला तर हात खाली ठेवून छातीच्या बाजूला तीन सेकंद खाजवा आणि थांबा. पुन्हा नाक लावलं, टेकला, तर हवंय. मान फिरवली, ओठ चाटले, अंग झटकलं, तर पुरे झालंय. ही तीन सेकंदांची चाचणी घरातल्या प्रत्येकाला शिकवा, मुलांना आधी.

पाहुण्यांना कुत्रा बघायला बोलवू नका. आंघोळही पहिल्या दिवशी नको, अंगावर मळ किंवा गोचिडांचा थर असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या रात्री त्याला दूरच्या खोलीत एकटं ठेवू नका. तुमचा श्वास ऐकू येईल इतक्या अंतरावर अंथरूण घाला. लाड होतील म्हणून घाबरू नका. जागा नंतर रोज हातभर सरकवता येते.

पहिल्या दिवशी न जेवणं सामान्य आहे. पाणी पीत असेल आणि बाकी ठीक असेल तर प्रौढ कुत्र्यासाठी एक दिवस वाट बघा. दोन दिवस तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. लहान पिल्लू मात्र अर्धा दिवसही उपाशी राहता कामा नये, त्याची साखर झपाट्याने उतरते.

पहिले दोन आठवडे

या काळातलं मुख्य काम म्हणजे कमी करणं. कमी माणसं, कमी जागा, कमी आज्ञा. उठणं, खाणं, फिरणं, झोपणं यांच्या वेळा रोज त्याच ठेवा. पुढे काय होणार हे कळू लागलं की कुत्र्याचा ताण निम्मा उतरतो. प्रौढ कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपतो, आणि नव्या जागी आलेला, खरंतर थकलेला कुत्रा झोपू शकत नाही म्हणून चिडचिडा होतो. झोपलेल्याला हलवून उठवू नका, लांबून हाक मारा.

फिरणं छोटं आणि एकाच शांत रस्त्याने. तो वीस मिनिटांत शंभर पावलंच चालला आणि बाकी वेळ हुंगत बसला, तरी फिरणं झालं. नाक चालवल्यानेच कुत्रा निवतो. काही कुत्रे दाराबाहेर पाऊलच टाकत नाहीत. ओढू नका. दारात बसा, खाऊ उंबऱ्यावर टाका, परत या. आठवडाभर एवढंच पुरेल.

ताणाच्या खुणा ओळखायला शिका. शेपूट पायांत, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, झोप आलेली नसताना जांभई, गरम होत नसताना धापा टाकणं, हे तर दिसतंच. सगळ्यात दुर्लक्षित खूण म्हणजे अंग एकदम ताठ होऊन थिजणं. तो थिजला की हात तिथेच थांबवा आणि मागे घ्या, कारण त्यानंतरची पायरी दात असू शकते. आणखी एक: ताण साठत जातो. सकाळी फटाक्याचा आवाज, दुपारी डॉक्टर, संध्याकाळी पाहुणे, यातला एकेक प्रसंग त्याने निभावला असता. तिन्ही एका दिवशी आले की रात्री तो निरुपद्रवी गोष्टीवरून दात दाखवतो. वाईट दिवसानंतरचा दिवस रिकामा ठेवा.

नाव बदलायला हरकत नाही. नवं नाव एकदा घ्यायचं, कान किंवा मान तुमच्याकडे वळली की लगेच खाऊ. दिवसातून दहा वेळा, दोन-दोनच्या हप्त्यांत. नावाने कधी ओरडायचं नाही, आणि नावाने बोलावून औषध पाजायचं किंवा नखं कापायची नाहीत. त्यासाठी तुम्हीच उठून त्याच्याकडे जा.

सुटून पळू नये म्हणून

गळ्यातला पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं मावावीत. तरीही घाबरलेला कुत्रा मागे सरकून, मान खाली घालून एका क्षणात पट्ट्यातून बाहेर पडतो. ज्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते त्यांना तर काहीच लागत नाही. म्हणून पहिले दोन-तीन महिने दुहेरी बंदोबस्त ठेवा: एक दोरी पट्ट्याला, दुसरी हार्नेसला, आणि एकीचा फास मनगटात. शक्य असल्यास छातीमागे, बरगड्यांच्या शेवटी आणखी एक पट्टा असलेला हार्नेस घ्या, त्यातून मागे सरकता येत नाही. घराच्या दारापाशी बेबी गेट (लहान मुलांना अडवायला लावतात तसं छोटं फाटक) लावून दुसरा अडसर करा. पाहुण्यासाठी दार उघडताना कुत्रा गेटच्या आत.

पट्ट्यावर तुमचा फोन नंबर पहिल्या तासापासून हवा. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात, आणि स्कॅनर फिरवला की तिचा १५ आकडी क्रमांक दिसतो. तिच्याने कुत्रा कुठे आहे हे कळत नाही. तो सापडला की कुणाचा आहे एवढंच कळतं, आणि तेही क्रमांकापुढे तुमचं नाव नोंदवलेलं असेल तरच. निवाऱ्याने बसवलेली चिप निवाऱ्याच्याच नावावर राहून जाते, ही नेहमीची गफलत. बदल त्याच आठवड्यात करून घ्या.

पळालाच तर मागे धावू नका. तो दिसत असेल तर आडवे वळून खाली बसा, जमिनीवर खाऊ टाका, उलट दिशेला चालू लागा. पाच माणसं नावाने हाका मारत फिरली की तो आणखी लांब जातो. घाबरलेला कुत्रा दिवसा दडून राहतो आणि पहाटे किंवा रात्री वर्दळ थांबल्यावर हलतो. निसटला त्या जागी त्याचं न धुतलेलं अंथरूण, तुमचा घातलेला कपडा आणि पाणी ठेवा, रोज ठरल्या वेळी खाणं ठेवा. निवाऱ्याला लगेच कळवा. पकडायचे सापळे त्यांच्याकडे असू शकतात आणि ते कुठे लावायचे याचा अनुभव असतो.

दोरी कधी सोडायची? तीन महिन्यांच्या आत नाही. त्यानंतरही आधी कुंपण असलेल्या जागी, लांब दोरी जमिनीवर सोडून. खाऊ, दुसरा कुत्रा, पळतं मांजर असताना दहापैकी नऊ वेळा हाकेला आला, तरच पुढचा विचार.

पशुवैद्यांकडे

पहिली भेट तीन-चार दिवसांत, आजारी दिसला तर त्याच दिवशी. निवाऱ्याचे कागद, औषधांची नावं आणि शीचा ताजा नमुना बरोबर न्या. घरात दुसरा कुत्रा असेल तर ही भेट आधी आणि ओळख नंतर. निवाऱ्यात लागलेला आजार घरी आल्यावर डोकं वर काढतो: पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लक्षणं साधारण तीन ते सात दिवसांत, खोकला आठवडाभरात, डिस्टेंपर हा दुसरा विषाणूजन्य आजार दोन आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा. लस न घेतलेलं पिल्लू मलूल झालं, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर सकाळची वाट बघू नका.

पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत देतात. इतक्या वेळा का? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निकामी करते, आणि ती नेमकी कधी ओसरते ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. शेवटचा डोस चुकवला तर आधीचे सगळे वाया गेलेले असू शकतात. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर, मग वर्षाने, त्यापुढे लसीच्या प्रकाराप्रमाणे आणि तिथल्या कायद्याप्रमाणे. इतिहास माहीत नसलेल्या प्रौढ कुत्र्याला लस झालेली नाही असंच धरून चालतात.

घरात आधीचा कुत्रा पार्व्होने गेला असेल तर नवं पिल्लू आणण्याआधी डॉक्टरांशी बोला. तो विषाणू सावलीतल्या मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. फरशी आधी धुऊन, मग घरगुती ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात लावून दहा मिनिटं ओली ठेवावी लागते.

जंताचं औषध पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांचं झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत दरमहा, प्रौढांना साधारण तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर असते, म्हणून अंदाजाने देऊ नका. डासांमुळे हृदयात होणाऱ्या जंतांचा प्रादुर्भाव असलेल्या भागात प्रतिबंधक औषधाआधी रक्त तपासतात. संसर्गानंतर सुमारे सहा महिने ही तपासणी नकारात्मक येऊ शकते, तेव्हा ती पुढे पुन्हा करावी लागते.

गोचीड काढताना बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ, एकसारखं ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी यांतलं काही नको. त्याने गोचीड सुटण्याऐवजी पोटातलं जखमेत ओकते. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी रोज बघा. ताप, सुस्ती आणि फिकट हिरड्या दिसल्या तर गोचीड-तापाची रक्ततपासणी. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं गोचीडनाशक वापरू नका, मांजराच्या जिवावर बेततं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन स्वतःच्या बुद्धीने कुत्र्याला कधीच नाही.

तुलनेसाठी काही आकडे फ्रिजवर लावून ठेवा. तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. झोपेत श्वास मिनिटाला साधारण १० ते ३०. हिरड्या गुलाबी, आणि बोटाने दाबल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत.

खाणं

निवाऱ्यात जे खात होता तेच पहिला आठवडा द्या. मग सात ते दहा दिवसांत नवं मिसळत जा: पाव भाग, अर्धा, पाऊण, पूर्ण. एकदम बदललं की जुलाब, आणि मग ते आजाराचे की खाण्याचे हे डॉक्टरांनाही चटकन कळत नाही.

किती द्यायचं? पिशवीवरचा तक्ता सर्वांसाठी सरसकट असतो आणि बहुधा जास्तच सांगतो. हिशोब असा: किलोमधल्या वजनाचा घन काढा (वजन × वजन × वजन), येईल त्या संख्येचं वर्गमूळ दोनदा काढा, आणि ७० ने गुणा. ही विश्रांतीतली गरज झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणा. १० किलोच्या कुत्र्याला हे सुमारे ६३० किलोकॅलरी होतं, २० किलोच्या कुत्र्याला १०६०. वजन दुप्पट झालं तरी खाणं दुप्पट होत नाही, हे लक्षात घ्या. १०० ग्रॅममागे ३५० किलोकॅलरी असलेलं कोरडं खाद्य असेल तर १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला १८० ग्रॅम, दोन वेळांत वाटून. शिकवणीचा खाऊ यातूनच वजा करायचा आणि तो एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. नंतर तराजूपेक्षा हातावर विश्वास ठेवा. बरगड्या मुठीच्या मागच्या हाडांसारख्या सहज लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत.

हाडांचा सापळा झालेला कुत्रा आणला असेल तर भरलेलं ताट पुढे ठेवणं धोक्याचं आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरतं, त्यात कुत्रा दगावू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दिवसातून चार-सहा वेळा अगदी थोडं थोडं देऊन काही दिवसांत पूर्ण प्रमाणावर न्यावं लागतं.

चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा-लसूण, दारू, मळलेलं कच्चं पीठ, शिजवलेली हाडं, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं कुठलंही काही, अजिबात नाही. झायलिटॉल बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये, टूथपेस्टमध्ये, काही पीनट बटरमध्येही असतं आणि अर्ध्या तासात साखर पाडतं. असं काही खाल्लं तर लक्षणांची वाट न बघता वेष्टन घेऊन निघा. मीठ पाजून ओकारी काढू नका.

शी-शू

निवाऱ्यात वाढलेल्या प्रौढ कुत्र्यालाही घर आणि बाहेर यांतला फरक माहीत नसतो. पहिले दोन आठवडे त्याला पिल्लूच समजा. उठल्यावर, खाल्ल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळ झाल्यावर आणि झोपण्याआधी बाहेर, त्याच जागी. काम झालं की तिथेच, दोन सेकंदांत खाऊ. घरात शिरून दिला तर तो घरात शिरण्याचा खाऊ होतो. पिल्लू जास्तीत जास्त किती तास धरू शकतं याचा ढोबळ अंदाज: महिन्यांतलं वय अधिक एक.

घरात केलं आणि तुम्ही पाहिलं नाही, तर पुसा आणि विसरा. नाक घासलं किंवा ओरडलात तर तो एवढंच शिकतो की माणसासमोर करायचं नाही. मग बाहेर तुमच्यापुढे धरून ठेवतो आणि घरी पडद्यामागे जातो. डाग एन्झाइमच्या द्रावणाने काढा, अमोनिया असलेल्या क्लीनरने नाही. त्याचा वास लघवीच्या जातीचाच असतो.

एकटं राहायला शिकवणं

हे टाळलं की सगळ्यात महाग पडतं. सुट्टी काढून दोन आठवडे चोवीस तास सोबत राहायचं आणि पंधराव्या दिवशी नऊ तासांसाठी बाहेर पडायचं, ही घबराट तयार करायची हमखास रीत आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरुवात करा. आधी घरातच: दुसऱ्या खोलीत जा, दार लोटा, पाच सेकंदांनी या. मग मुख्य दार: किल्ल्या उचला, ठेवा, बसा. चपला घाला, काढा, बसा. या खुणांना काही अर्थ नाही असं वाटू लागलं की बाहेर पडा, दहा सेकंदांनी परत या. जाताना निरोप नाही, येताना सोहळा नाही. मग तीस सेकंद, दोन मिनिटं, मध्येच पुन्हा वीस सेकंद, मग पाच मिनिटं. सरळ चढ ठेवू नका, लांब फेरीनंतर छोटी घाला. अर्ध्या तासापर्यंत जायला सगळ्यात वेळ लागतो, तिथून पुढे टप्पे मोठे होतात. जुना फोन कॅमेरा म्हणून लावा, नाहीतर आत काय चाललंय ते शेजारी सांगतील तेवढंच कळेल.

कंटाळा आणि घबराट यांत फरक आहे. कंटाळलेला कुत्रा सापडेल ते चावतो, बऱ्याच वेळाने सुरू करतो आणि ठेवलेला खाऊ फस्त करतो. घाबरलेला पहिल्या अर्ध्या तासातच येरझारा घालतो, ओरडतो, लाळ गाळतो, दाराची चौकट आणि खिडक्या ओरबाडतो, आणि खाऊ तसाच पडलेला असतो. पहिल्याला जास्त हुंगायला आणि चावायला द्या. दुसऱ्याला मागच्या टप्प्यावर आणा, सराव चालू असताना खरोखर एकटं सोडू नका, आणि नखं रक्ताळेपर्यंत गेलं असेल तर डॉक्टरांशी बोला, औषधांचा उपयोग होतो. अशा कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करणं म्हणजे दात तुटण्याची तयारी.

गुरगुरणं, भांडं आणि मुलं

गुरगुरण्यावरून कधी रागावू नका. तो तुम्हाला दिलेला इशारा आहे. मार खाऊन इशारा बंद झाला तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो. अंतर वाढवा आणि कशामुळे गुरगुरला ते लिहून ठेवा.

जेवताना भांड्यात हात घालून "सवय लावणं" हा जुना आणि घातक सल्ला आहे. उलट करा. लांबून जाताना भांड्यापाशी त्याहून चांगलं काही टाका आणि निघून जा. माणूस जवळ आला की ताटातलं वाढतं, हे त्याला उमगू द्या. तोंडातली वस्तू काढायची असेल तर बदल्यात काही द्या, आणि वस्तू सुरक्षित असेल तर परतही करा.

लहान मूल आणि कुत्रा एका खोलीत असताना मोठं माणूस तिथेच हवं, आणि लक्षही तिथेच हवं, फोनमध्ये नको. मुलांसाठी चार नियम पुरतात: झोपलेल्याला, खाणाऱ्याला, त्याच्या जागेत बसलेल्याला हात लावायचा नाही, आणि मिठी मारायची नाही. कुत्र्याच्या दृष्टीने मिठी म्हणजे पकड.

कुणाला चावलाच, अगदी खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, त्याआधी घेतलेली लस वाचवते.

घरात आधीच कुत्रा किंवा मांजर असेल तर

दोन्ही कुत्र्यांची पहिली भेट घराबाहेर, दोघांनाही परक्या जागी. दोन माणसं, दोन दोऱ्या, मध्ये दहा-पंधरा मीटर अंतर, एकाच दिशेने समांतर चालणं. दोघे सैल झाले की अंतर कमी करा. पहिलं हुंगणं मागच्या बाजूने आणि तीन सेकंद, मग पुढे चला. दोरी ताणू नका, ताणलेली दोरीच बरीच भांडणं लावते. घरी येण्याआधी खेळणी, हाडं, भांडी उचलून ठेवा आणि पहिले काही आठवडे जेवण वेगळ्या खोल्यांत.

मांजराच्या बाबतीत आठवडाभर फक्त वासांची अदलाबदल: दोघांची अंथरुणं एकमेकांच्या खोलीत. मग गेटच्या अल्याड-पल्याड, कुत्रा दोरीत. मांजराला उंचावर पळायची वाट कायम मोकळी हवी. कुत्रा टक लावून, स्तब्ध, खाऊकडेही न बघता मांजराकडे पाहत राहिला तर त्याला खेळ समजू नका.

जमलंच नाही तर

कधी कधी जोडी जुळत नाही. कुत्रा मुलाला दुसऱ्यांदा चावायला धावतो, किंवा दोन कुत्रे महिनाभर वेगळ्या खोल्यांत ठेवूनही एकमेकांच्या जिवावर उठतात. तोवर वर्तनाच्या जाणकाराला दाखवून झालेलं असावं, आणि दुखण्याची तपासणीही. दात, कान किंवा सांधा दुखणारा कुत्रा स्वभावाने वाईट असल्यासारखाच दिसतो. एवढं करूनही परत द्यायची वेळ आली तर जिथून आणला त्याच संस्थेला द्या, करारात बहुधा तशी अटच असते. ओळखीच्या ओळखीतून किंवा जाहिरात टाकून नाही. सोबत एक कागद द्या: काय आणि किती खातो, कधी झोपतो, कशाला घाबरतो, कुठे हात लावलेला चालत नाही, कोणत्या तारखेला काय घडलं आणि त्याच्या आधीच्या मिनिटात काय चाललं होतं. चावल्याची नोंद लपवू नका, पुढच्या घरात कदाचित लहान मूल असेल.